सायकलचा मीटर पावसात शून्यावर जातो – दुरुस्त होईल की नवीन घेऊ?

कऱ्हाकाठचा
राम राम मंडळी. सायकलवाल्यांचा सल्ला पाहिजे. माझ्याकडे साधा वायरवाला सायकल कॉम्प्युटर आहे, आम्ही मीटरच म्हणतो. वेग, अंतर, एकूण किलोमीटर आणि घड्याळ एवढंच दाखवतो आणि मला पण एवढंच लागतं. सासवडहून दिवे घाट उतरून हडपसरला कामाला, संध्याकाळी तोच घाट चढून परत. जून लागल्यापासून ह्याची नाटकं सुरू झालीत. पाऊस लागला की वेग शून्य, घड्याळ मात्र चालू. घरी आणून रात्रभर पंख्याखाली ठेवला की सकाळी ठणठणीत, परत पाऊस की परत शून्य. दुसरी गंमत म्हणजे कोरड्या दिवशी पण घाट उतरताना ३५ च्या पुढे गेलं की एकदम सत्तर दाखवतो, मग शून्य, मग परत ३६, मी काय मोटरसायकलवर आहे का. सेल नवा टाकून झाला, चुंबक जवळ सरकवून झाला. दुकानात दाखवला तर हातात पण न घेता म्हणाला हे रिपेअर होत नसतंय, वायरलेस घ्या नाहीतर जीपीएसवाला घ्या. टायर ७०० × ३५ आहे. कुणाला अनुभव?

डोंबिवली_फास्ट_पेडल
सेम टू सेम. वाचतोय.

सर्किटकाका
कऱ्हाकाठचा, पैसे खिशात ठेवा. वायरवाला मीटर ही सायकलवरची सगळ्यात सोपी इलेक्ट्रॉनिक वस्तू आहे, त्यात बिघडायला जागाच तीन-चार, आणि कुठली बिघडलीये ते घरी पंधरा मिनिटांत कळतं.

आधी आत काय आहे ते बघा. चिमट्यावर (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांवर) जी काळी डबी बांधलेली असते तिच्यात रीड स्विच असतो. काचेची बारीक नळी आणि तिच्यात मांजराच्या मिशीएवढ्या दोन लोखंडी पात्या. स्पोकवरचा चुंबक समोरून गेला की पात्या चिकटतात, पुढे गेला की सुटतात. मीटरच्या डोक्याला बाहेरून फक्त एवढीच बातमी येते की चाक एकदा फिरलं. बाकी सगळा त्याचा गुणाकार भागाकार, तुम्ही टाकलेला चाकाचा घेर गुणिले फेऱ्या.

आता चाचणी. मीटर ब्रॅकेटमधून सरकवून काढा आणि उलटा करा. मागे दोन चकचकीत टिकल्या दिसतील. कागदाला लावायची यू-पिन सरळ करा आणि दोन्ही टिकल्यांना एकदम टेकवा, उचला, टेकवा, उचला, सेकंदाला दोनदा ह्या अंदाजाने. स्क्रीनवर १५-१६ चा वेग यायला पाहिजे (तुमच्या टायरला सेकंदाला दोन फेऱ्या म्हणजे साधारण तेवढाच होतो). आला, तर मीटरचं डोकं शंभर टक्के शाबूत, नवीन घ्यायचा विषयच संपला. नाही आला तर सेल काढून सेलच्या पत्र्या बघा.

डोकं पास झालं की खालची बाजू. मल्टिमीटर (वीज तपासायचं यंत्र) बीपवर लावा, म्हणजे जोड लागला की वाजेल, दोन्ही टोकं ब्रॅकेटच्या दोन टिकल्यांवर, आणि पुढचं चाक हाताने सावकाश फिरवा. एका फेरीला एकच बीप पाहिजे. सतत बीप वाजत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, पाणी किंवा चिरडलेली वायर. अजिबात वाजला नाही तर वायर तुटलीये, चुंबक लांब आहे किंवा स्विच फुटलाय. एका फेरीत दोन बीप आले तर चुंबक आडवा-तिडवा बसलाय, पात्या येताना एकदा आणि जाताना एकदा चिकटतात.

आणि हे विसरू नका, बीप चालू असताना हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवून बघा. तुमच्या लक्षणांवरून माझा संशय तिथेच आहे.

घाटवाट
काकांना दंडवत. यू-पिनची आयडिया माहीत नव्हती, वाचनखूण साठवली.

रिम_झिम
चुंबकाबद्दल एक. डबी आणि चुंबकात अंतर दोन-तीन मिलीमीटर ठेवायचं, आणि डबीवर एक रेघ किंवा खाच असते त्याच्या बरोबर समोरून चुंबक जायला पाहिजे, नुसता जवळ असून उपयोग नाही. माझ्या एका मित्राने चुंबक अगदी चिकटवून लावला होता, चाकाचा आऊट (फिरताना डावीकडे-उजवीकडे डुलणं) काढलेला नव्हता म्हणून प्रत्येक फेरीला टक टक घासायचा आणि शेवटी चुंबकच रस्त्यावर पडला. आधी आऊट काढा मग मीटर लावा.

पुणेरी_पंक्चर
चुंबक हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) जवळ लावला की वेग कमी दाखवतो आणि रिमच्या जवळ लावला की जास्त, हे खरं ना? मी तर रिमजवळ लावलाय.

सर्किटकाका
नाही हो. हबजवळ काय, रिमजवळ काय, एका फेरीत चुंबक एकदाच समोरून जातो, त्यामुळे आकड्यात शून्य फरक. फरक पडतो तो चुंबक समोर किती वेळ राहतो ह्यात. रिमजवळ तो फार जोरात निघून जातो, त्यात अंतर थोडं जास्त असेल तर उताराला पात्या नीट चिकटत नाहीत आणि फेऱ्या सुटतात. म्हणून जमेल तेवढा हबकडे घ्यावा. तुमच्या मीटरने उताराला फेऱ्या गाळल्या तर कमी वेग दिसेल आणि तुम्हाला वाटेल आज पाय जड आहेत.

कऱ्हाकाठचा
काका मानलं तुम्हाला. यू-पिन लावली, १७ आला, डोकं जिवंत. शेजारच्या इलेक्ट्रिशियनचा मल्टिमीटर आणला, चाक फिरवलं की बीप येतो, हँडल उजवीकडे वळवलं की बंद, थोडं हलवलं की एका फेरीत दोनदा. वायर ब्रेकच्या केबलला गुंडाळत वर नेलेली आहे, ती हँडलजवळ जिथे वाकते तिथे बोटाने दाबत दाबत गेलो तर एके ठिकाणी आतून लुसलुशीत लागली. वरून काहीच दिसत नव्हतं. ब्लेडने आवरण सोललं तर आत तांबं उरलंच नव्हतं जवळजवळ, हिरवी पूड आणि दोन-तीन केसासारख्या तारा. घाटात हादरे बसले की त्या तारा जोड-तोड जोड-तोड करत असणार. आणि ब्रॅकेटच्या टिकल्यांवर पण हिरवट थर आहे, तिथे पाणी साचतं. आता पुढे काय करू, नुसती पीळ मारून चिकटपट्टी लावू का?

सर्किटकाका
चिकटपट्टी नको, पंधरा दिवसांत पाणी आत घेते आणि आतल्या आत परत हिरवं. सोल्डर करा. हिरवा भाग दोन्हीकडून कापून टाका, तांबं लाल चमकेपर्यंत मागे जा. आधी श्रिंक नळी वायरीत ओवून घ्या (सगळे हे सोल्डर झाल्यावर आठवतात), दोन्ही तारांचे जोड एकमेकांसमोर येऊ देऊ नका, एक अर्धा इंच पुढे एक मागे, म्हणजे शॉर्टचा प्रश्न नाही. मग नळी गरम करून आवळा. वायर कापल्यामुळे आखूड होईल, तर मुद्दाम थोडी जादा जोडा आणि हँडलजवळ मोकळा वळसा ठेवा. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळल्यावर वायर ताणली जाता कामा नये, बहुतेक वायरी इथेच मरतात.

टिकल्यांना पेन्सिलचं खोडरबर घासा, मग कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोल. सँडपेपर नका लावू, वरचा मुलामा जातो आणि पुढच्या पावसात आणखी लवकर गंजतं. सुकलं की टिकल्यांवर अगदी नखभर सिलिकॉन ग्रीस. पाणी दोन टिकल्यांना जोडून बसतं तेव्हा मीटरला वाटतं स्विच कायमचा चिकटलाय, आणि चिकटलेला स्विच म्हणजे फेरीच नाही, म्हणून शून्य. तुमचं पावसाचं कोडं तेच असणार.

कऱ्हाकाठचा
झालं! सोल्डरिंग त्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घेतलं, चहावर भागलं. काल दिवे घाटात चांगला धो धो होता, वडकीपर्यंत एकदा पण शून्य नाही. धागा चालू राहू दे, बाकीच्यांचे पण प्रश्न येऊ देत.

रानजाई
मग माझा घ्या. माझ्याकडे जीपीएसवाला आहे, बॅरोमीटर असलेला. रविवारी सकाळी नऊ-साडेनऊला कोथरूडहून निघाले, सिंहगड पायथा, तिथे मैत्रिणींबरोबर पिठलं-भाकरी आणि गप्पा, परत यायला चार वाजले. निघताना घराची उंची ५६५ मीटर, त्याच पार्किंगमध्ये परत आले तर ५९६. बिल्डिंग तर तिथेच आहे. प्रत्येक लांब राइडला असंच होतं, नेहमी जास्तच दाखवतो, कमी कधीच नाही. सेन्सर गेला का?

वाऱ्यावरची_वरात
रानजाई, सेन्सर उत्तम आहे, तुमच्या राइडच्या वेळा त्याला फसवतायत.

बॅरोमीटरवाला मीटर उंची मोजतच नाही, तो हवेचा दाब मोजतो आणि त्यावरून उंची काढतो. दाब कमी झाला म्हणजे तुम्ही वर चढलात, असं त्याचं साधं गणित. पण आपल्या पट्ट्यात, म्हणजे उष्ण कटिबंधात, दाब रोज घड्याळ लावल्यासारखा दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या आसपास सगळ्यात जास्त, दुपारी चारच्या आसपास सगळ्यात कमी, मग रात्री दहाला परत वर आणि पहाटे चारला परत खाली. सकाळी दहा ते दुपारी चार ह्या वेळात तीन-चार हेक्टोपास्कल (दाब मोजायचं एकक) सहज उतरतात. पुण्याच्या उंचीवर एक हेक्टोपास्कल म्हणजे सुमारे नऊ मीटर. करा गुणाकार, तुमचे एकतीस मीटर तिथेच सापडतील.

आणि नेहमी जास्तच का, तर तुम्ही निघता दाब वर असताना आणि येता खाली असताना. एखाद दिवशी पहाटे चारला निघून दहाला परत या, घर खाली गेलेलं दिसेल.

रानजाई
अरे देवा. आणि मी कस्टमर केअरला मेल टाकणार होते.

घाटवाट
भारी माहिती. पण मग एकूण चढाईचा आकडा पण चुकतो का? आमच्या ग्रुपमध्ये त्यावरून मारामाऱ्या होतात, एकच ताम्हिणी, एकाचे १२०० मीटर एकाचे १६००.

वाऱ्यावरची_वरात
दाब सावकाश उतरतो, त्यामुळे एकूण चढाईत त्याचा हिस्सा वीस-तीस मीटर, त्याने मारामारी होत नाही. चारशेचा फरक येतो तो दुसऱ्या कारणाने. ज्याच्या मीटरमध्ये बॅरोमीटर नाही किंवा जो नुसता फोनवर रेकॉर्ड करतो, त्याची उंची बरेचदा नकाशावरून घेतली जाते. सह्याद्रीत रस्ता डोंगराच्या कडेला खोदलेला, एका हाताला कडा आणि दुसऱ्या हाताला दरी. जीपीएस दहा-पंधरा मीटर इकडे-तिकडे सरकला की नकाशावर तुम्ही क्षणात कड्यावर आणि क्षणात दरीत. असे खोटे चढ-उतार मिळून आकडा फुगतो. सपाटीवर, बारामती-इंदापूरकडे, हाच प्रकार जवळजवळ दिसत नाही.

बॅरोमीटरवाल्याचा आकडा एकदम कमी आला, किंवा अख्खा घाट चढून उंची सपाट रेघ, तर मीटरच्या पाठीवरचं बारीक भोक बघा. घाम, चिखल, पावसाचा थेंब ह्याने ते बुजतं आणि आत जुनाच दाब कोंडून राहतो. गोड्या पाण्यात बुडवून हलवा, झटका, सुकू द्या. टाचणी घालू नका, आत पातळ पडदा असतो. आणि तोंडाने फुंकर पण मारू नका.

राइड सुरू करताना घराची उंची एकदा हाताने टाकून ठेवली की बरंच भागतं, बहुतेक मीटरमध्ये घर म्हणून जागा साठवता येते.

पवनचक्की_नेदरलँड्स
अवांतर: मी स्किपोल विमानतळाच्या बाजूला राहतो, इथली जमीन समुद्रसपाटीच्या तीन-चार मीटर खाली. मीटर उणे आकडा दाखवतो आणि तो बरोबर असतो. भारतातून आलेल्या प्रत्येक सायकलवाल्या पाहुण्याला वाटतं बिघडलाय. ह्या देशात वर्षभरात माझी जेवढी चढाई होते तेवढी तुम्ही लोक एका रविवारी करता.

मावळी_मंडल
माझा वेगळाच त्रास आहे, हबला बांधायचा वेगाचा सेन्सर घेतला, बिनचुंबकाचा. पहिल्या दिवशी मीटरला लगेच जोडला गेला, आता मीटर त्याला शोधतच बसतो, सापडत नाही. फोनच्या ॲपमध्ये मात्र सेन्सर दिसतोय, बॅटरी पण ९० टक्के म्हणतोय. मीटर बदलून मागू का?

सर्किटकाका
ॲपमध्ये दिसतोय हीच भानगड आहे. ब्लूटूथवर बऱ्याच सेन्सरना एका वेळी एकच जोडीदार चालतो. तुमच्या फोनने त्याला धरून ठेवलंय, मीटरला तो सापडणार कसा. फोनचं ब्लूटूथ बंद करा, ॲपमधून सेन्सर काढून टाका, चाक फिरवून सेन्सर जागा करा आणि मग मीटरवरून शोधा. सेन्सर अँट प्लस (ब्लूटूथसारखीच दुसरी बिनतारी पद्धत) पण बोलत असेल तर मीटरला अँट प्लसवर जोडा, तिथे एकाच वेळी कितीही जण ऐकू शकतात, म्हणजे फोन आणि मीटर दोन्ही खूश.

आणि जोडणी घरी एकट्याने करा. ग्रुप राइडच्या सुरुवातीला चौकात उभं राहून जोडलात तर दुसऱ्याचाच सेन्सर पकडला जातो, मग तुम्ही सिग्नलला थांबलेले आणि मीटरवर २४.

मावळी_मंडल
जोडला गेला काका, पाच मिनिटांचं काम. फोनच चोर निघाला.

रिम_झिम
जुन्या स्वस्त वायरलेसवाल्यांची गोष्ट अजून वेगळी. त्यांचा सिग्नल साधा, ना ओळख ना कोड. सेन्सरपासून मीटर साठ-सत्तर सेंटीमीटरच्या आत पाहिजे, आणि शेजारी तसाच मीटर असलेला दुसरा सायकलवाला आला की त्याच्या चाकाचे सिग्नल पण मोजले जातात. हँडलवर चायनीज एलईडी लाइट लावला की काहींचा मीटर ९९ दाखवतो. लाइट दुसऱ्या बाजूला सरकवा किंवा बंद करून बघा, लगेच कळतं. हाय टेन्शन तारांखाली पण होतं. म्हणून मी म्हणतो वायरवालाच बरा, निदान वायर तुटली तर हाताला लागते.

ब्रेव्हे_बाबूराव
आता मी पण बोलतो. इथे सगळे बिघाडाबद्दल बोलतायत पण निम्म्या लोकांचे मीटर न बिघडता चुकीचे असतात, कारण चाकाचा घेर कुणी टाकतच नाही. डब्यातून काढल्यावर त्यात बारीक टायरचा आकडा बसलेला असतो, २०९६ (७०० × २३ चा) नाहीतर २१०५ (२५ चा). कऱ्हाकाठचा, तुमच्या ३५ च्या टायरला २१६८ पाहिजे. तुम्ही जर २०९६ वर चालवत असाल तर खरे १०० किलोमीटर झाले की मीटर ९६.७ दाखवणार. २८ वाल्यांनी २१३६, ३२ वाल्यांनी २१५५ टाका. काही मीटर सेंटीमीटरमध्ये मागतात, तिथे २१७ असं टाकायचं, नाहीतर लोक २१७ टाकायच्या ऐवजी २१ टाकतात आणि मग धागे काढतात.

२०० च्या बीआरएमला (ठरावीक वेळेत पूर्ण करायची २०० किलोमीटरची राइड) ह्याचा खरा त्रास होतो. क्यू शीटवर (वळणांच्या यादीवर) लिहिलेलं असतं अमुक किलोमीटरला डावीकडे, मीटर तीन टक्के कमी दाखवत असेल तर १५० व्या किलोमीटरला तुम्ही साडेचार किलोमीटर पुढे निघून गेलेले, आणि साडेतेरा तासांच्या वेळात परत मागे येणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्याला विचारा. आयोजकाला तुमच्या मीटरशी देणंघेणं नाही, त्याला कंट्रोलवरची (वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणची) वेळ पाहिजे.

कोष्टकातला आकडा ठीक, पण नेमका पाहिजे तर जमिनीवर मोजा. टायरमध्ये नेहमीची हवा, व्हॉल्व्ह बरोबर खाली, फरशीवर खडूची रेघ. स्वतः सीटवर बसा, मागून कुणीतरी धरेल असं बघा, आणि सरळ तीन फेऱ्या चालवत न्या, व्हॉल्व्ह परत खाली आला की दुसरी रेघ. टेपने मोजा, तीनने भागा, मिलीमीटर करा. बसून मोजायचं कारण असं की वजनाने टायर दबतो आणि घेर काही मिलीमीटरने कमी होतो. एकाच कंपनीच्या एकाच मापाच्या दोन टायरमध्ये पण फरक निघतो, कोष्टकवाल्याने तुमचा टायर बघितलेला नाही.

पुणेरी_पंक्चर
जीपीएसवाल्यांना ही कटकट नाही. सेन्सर स्वतःच घेर शिकतो.

ब्रेव्हे_बाबूराव
शिकतो, मान्य. पण पहिल्या राइडला वरंध घाटात नेऊ नका, मोकळ्या सरळ रस्त्यावर न्या. झाडी आणि कड्याखाली जीपीएस वळणं कापतो, मग सेन्सर पण तेच चुकीचं शिकतो. आणि घाटात ऑटो पॉज बंद ठेवा. जड सामान घेऊन पाच-सहाच्या वेगाने चढताना मीटरला वाटतं माणूस थांबलाय, तुकडे तुकडे रेकॉर्डिंग होतं आणि सरासरी वेग बघून घरचे म्हणतात वा.

भाट्याची_वाळू
रत्नागिरीहून. आमच्याकडे पावसापेक्षा खारा वारा वाईट. मुंबई-पुण्याचा मीटर जिथे पाच वर्षं चालतो तिथे इकडे दोन वर्षांत सेलच्या पत्र्या खलास. मी काय करतो ते सांगतो. समुद्राकडून आलं की मीटर काढून गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसायचा, नळाखाली नाही. सेलच्या झाकणाचं रबर काढून त्याला सिलिकॉन ग्रीसचं बोट, केस किंवा वाळूचा कण राहिला तर पाणी तिथूनच शिरतं. पावसाळ्यात रात्री मीटर प्लास्टिकच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. तांदळात ठेवायचं फॅड सोडा, तांदळाची पावडर भोकात जाते.

चार्जिंगवाला असेल तर पावसातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, सगळ्यात जास्त पोर्ट ह्याच्याने जळतात. ओल्या पोर्टात करंट गेला की पिना हिरव्या. सुकू द्या, मग लावा. आणि डब्यावर आयपीएक्स७ लिहिलंय म्हणजे स्थिर पाण्यात एक मीटर खोल अर्धा तास, एवढाच त्याचा अर्थ. सर्व्हिसिंगवाल्या पोराने प्रेशरचा पाइप मारला तर तो ह्यात बसत नाही. सायकल धुवायला देताना मीटर काढून खिशात.

अजून एक, मच्छर पळवायचं डीटवालं मलम हाताला लावून मीटरच्या बटणांना हात लावू नका. डीटने प्लास्टिक विरघळतं. माझ्या भावाच्या मीटरची काच त्यानेच कायमची धुरकट झाली.

घाटवाट
सेलबद्दल पण लिहा कुणीतरी. मी दोन महिन्यांनी बदलतो, एवढा लागतो का?

सर्किटकाका
साध्या वायरवाल्याला सीआर२०३२ वर्षभर तरी जायला पाहिजे. सुटा सेल घेऊ नका, पाकीटबंद आणि मुदतीची तारीख असलेला घ्या. मल्टिमीटरवर ३ व्होल्ट दाखवला म्हणून चांगला असं नसतं, हे सेल शेवटपर्यंत तीनच्या आसपास दाखवत राहतात आणि मग एकदम बसतात. काही सेलवर लहान मुलांनी गिळू नये म्हणून कडू थर दिलेला असतो, चांगली गोष्ट आहे, पण तो थर काही मीटरच्या पत्र्यांना नीट संपर्क होऊ देत नाही. नवा सेल टाकून पण मीटर बंद, तर काठाला अल्कोहोलचा कापूस फिरवून बघा. आणि जुना सेल टेबलावर ठेवू नका, घरात छोटं मूल असेल तर गिळलेला सेल तासा-दोन तासांत अन्ननलिका जाळतो.

सेल काढायच्या आधी एकूण किलोमीटरचा आकडा फोनवर फोटो काढून ठेवा. बऱ्याच मीटरमध्ये सेल काढला की सगळं शून्य होतं, काहींमध्ये जुना आकडा परत भरता येतो.

हिमालयाची_सावली
मनाली-लेहला जाणाऱ्यांसाठी: पहाटे शून्याखाली गेलं की असा सेल दम टाकतो आणि स्क्रीनचे आकडे दिसायला सेकंद-दोन सेकंद घेतात. बिघाड नाही. रात्री मीटर स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. उलट आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवला की स्क्रीन काळी ठिक्कर पडते, सावलीत गार झाली की परत येते, पण चार्जिंगच्या बॅटरीचं आयुष्य मात्र परत येत नाही.

आणि लांब प्रवास करून, म्हणजे विमानाने हजार-दोन हजार किलोमीटर गेलात की पहिल्या दिवशी जीपीएसला उपग्रह शोधायला वेळ लागतो. उघड्या आकाशाखाली मीटर चालू करून स्थिर ठेवा आणि चहा प्या. उपग्रहांचं पूर्ण वेळापत्रक यायला साडेबारा मिनिटं लागतात. चालता चालता शोधायला लावलं तर अजून लांबतं.

डोंबिवली_फास्ट_पेडल
माझ्या जुन्या जीपीएसवर तारीखच चुकते. राइड सेव्ह झाली की साल वीस वर्षं मागचं. कालची राइड २००६ ची म्हणून चढली. बाकी वेग, अंतर सगळं बरोबर. रिसेट करून झाला.

वाऱ्यावरची_वरात
रिसेटने जाणार नाही. जीपीएस उपग्रह आठवड्यांचा आकडा पाठवतात आणि तो १०२३ नंतर परत शून्यावर येतो, म्हणजे १०२४ आठवड्यांनी, साडेएकोणीस वर्षांनी. शेवटचा असा फेरा ७ एप्रिल २०१९ ला आपल्याकडच्या पहाटे झाला, त्याच्या आधीचा ऑगस्ट १९९९ मध्ये. ज्या जुन्या मीटरला हे माहीत नाही ते १९९९ पासून परत मोजतायत. कंपनीचा नवा फर्मवेअर (मीटरच्या आतलं सॉफ्टवेअर) असेल तर टाका, नसेल तर फाइल कॉम्प्युटरवर घेऊन तारखेत १०२४ आठवडे मिळवून देणारी साधनं मिळतात. वेग-अंतराला धक्का नाही, वापरत राहा.

नवखी_नागपूरकर
हे सगळं वाचून प्रश्न पडला, फोन असताना मीटर घ्यायचाच कशाला? फुकट ॲप आहे की.

घाटवाट
ताई, पावसात भिजलेल्या स्क्रीनवर बोट फिरवून बघा एकदा. आणि दिवसभर स्क्रीन चालू ठेवली की संध्याकाळी घरी फोन करायला बॅटरी नसते. नागपूरच्या मे मध्ये तर हँडलवर उन्हात फोन तापून स्वतःच बंद होईल.

ब्रेव्हे_बाबूराव
फोन खिशात रेकॉर्डिंगला, मीटर हँडलवर बघायला. माझं हेच. आणि मीटरवाल्यांनो, फाइल नेहमी मीटरमध्येच पडलेली असते हे ध्यानात ठेवा. जुलै २०२० मध्ये गार्मिनवर (जीपीएस मीटर बनवणारी कंपनी) सायबर हल्ला होऊन सेवा काही दिवस बंद होती, तेव्हा लोक राइड गेली म्हणून रडत होते. यूएसबीची वायर लावा, ॲक्टिव्हिटीच्या फोल्डरमधून फिट फाइल (राइडची नोंद) उचला आणि जिथे चढवायची तिथे हाताने चढवा. जुन्या फाइली मधून मधून कॉपी करून पुसत पण जा, जागा भरली की नेमकी मोठ्या राइडची फाइल अर्धवट राहते.

कऱ्हाकाठचा
घेर २१६८ केला, आधी खरंच २०९६ होता. ऑफिस एकदम लांब गेलं. एक शेवटचा प्रश्न, बायकोची सायकल २६ × १.९५ टायरची आहे. तिच्यासाठी नुसता ब्रॅकेट आणि सेन्सर सुटा मिळतो का, म्हणजे मीटर एकच, दोन्ही सायकलींवर आलटून पालटून लावता येईल?

रिम_झिम
नावाजलेल्या कंपन्यांचा सुटा मिळतो, ब्रॅकेट-वायर-सेन्सर असा एकत्रच सेट येतो. मॉडेल नंबर मीटरच्या पाठीवर असतो तो बघून मागवा, दिसायला सारखे ब्रॅकेट एकमेकांना बसत नाहीत. तुमच्या मीटरमध्ये चाक १ / चाक २ अशी सोय आहे का ते आधी सेटिंगमध्ये बघा. असेल तर दुसऱ्यात २०५० टाका आणि सायकल बदलली की चाक पण बदला. नसेल तर दर वेळी घेर भरत बसावं लागेल, त्यापेक्षा वहिनींना दुसरा साधा वायरवाला घ्या, आणि वायरीला हँडलजवळ वळसा पहिल्या दिवसापासून ठेवा.